कोऱ्या गालाची

जिजाची सुई चुकली असं म्हणणारी बाई त्या डोंगराखाली अजून जन्मली नव्हती, आणि जन्मली असती तर जिजानं तिचं तोंड जागच्या जागी बंद केलं असतं. खोपोलीकडून येणारा रस्ता जिथं डांबर सोडून नुसता दगडगोटा होतो, तिथून वर जांभूळवाडीपर्यंत जेवढ्या म्हणून जाणत्या बाया होत्या, त्यांच्या तोंडावर जिजाचं काम होतं. दोन्ही गालांवर दोन दोन उभ्या रेघा, डोळ्याखालून निघून हनुवटीकडं उतरणाऱ्या. दिव्याची काजळी, पाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया, एवढाच तिचा संसार. तो ती पत्र्याच्या डब्यात ठेवायची. पोरगी रडायला लागली की म्हणायची, "रड, रड. लग्नानंतर रडायचंय ते आत्ताच उरकून घे." पोरगी खुदकन हसायची आणि तेवढ्यात एक रेघ होऊन जायची.

गोंदण कशाला, असं कोणी विचारलं तर तिला ते विचारणंच आवडायचं नाही. "कशाला म्हंजे? अंगावरचा दागिना मागचे काढून घेतात. लुगडं मातीत कुजतं. गोंदण तेवढं संगं येतं. तिकडं आपली माणसं वळखायची कशावरनं, आधार कार्डावरनं?" पलीकडच्या वाडीतल्या बाया कपाळावर चांदणी काढत, घाटाकडच्या हनुवटीवर ठिपके. जांभूळवाडीच्या रेघा. त्यातही जिजाच्या घरच्या बायांना डाव्या रेघेच्या टोकाला एक टिपका जास्त असायचा. तो तिनं दुसऱ्या कोणाला कधी दिला नाही. चिमा तिची जन्माची शेजारीण, तिनंही मागितला होता. जिजा म्हणाली होती, "माज्या घरात नांदायला ये, मग देते."

रानातही एक पाखरू होतं, त्याला वाडी गोंदणपाखरू म्हणायची. पिकल्या आंब्याच्या गरासारखं डोकं आणि छाती, पाठ शाळेच्या पाटीच्या रंगाची, गळा पांढरा. आणि गालावर दोन उभ्या काळ्या रेघा, जशा काही जिजानंच ओढलेल्या. ओढ्याच्या काठी करवंदीच्या जाळीखाली ते पाचोळा उलथत फिरायचं, घरातली बाई हरवलेली वस्तू शोधते तसं, एक पान इकडं, एक पान तिकडं. उन्हाळा सरता सरता गायला लागलं की पार पावसाळ्याच्या शेवटापर्यंत सकाळ त्याची.

थंडी पडली की मात्र त्याच जाळीखाली दुसरंही एक दिसायचं. तेच डोकं, तीच पाठ, तेच पानं उलथणं. पण गाल कोरे. रेघ नाही, काही नाही. मुकंही. वाडीनं त्याला कोरी हे नाव दिलेलं. ही गोंदणपाखराची बिनगोंदलेली पोर, असं जिजाच्या आईनं जिजाला सांगितलेलं आणि जिजानं सगळ्या वाडीला. होळीच्या सुमाराला कोऱ्या दिसेनाशा व्हायच्या, रानात उरायच्या त्या रेघावाल्याच. म्हणजे उघडच होतं. मधल्या दिवसांत सगळ्यांनी गोंदून घेतलं, आणि गोंदल्यावर कंठ फुटला. त्यात कोणाला शंका येण्यासारखं काय होतं?

आता जिजाच्या स्वतःच्या घरात एक कोरी होती. तिची नात, तेजश्री.

तेजश्रीच्या जन्मानंतर तिची आई भागू तापानं गेली. पोर तेव्हा दात नसलेलं बोचकं होतं. भागूनं तिला नीट पाहिलंही नसेल. जिजानं तिला शेळीच्या दुधावर वाढवलं, शिव्या देऊन वाढवलं, आणि डोंगर उतरून आश्रमशाळेत घातलं. शाळेत असतानाच पोरीचे सांधे सुजायला लागले, ताप यायचा, जायचा. सगळे म्हणाले वारा लागला. पुढं ती चार पावलं चढली की धापा टाकायला लागली, तेव्हा कळलं की त्या तापानं काळजाची झडप खाल्ली होती. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं ठरलं. तारीख यायची होती. सुनील, तिचा बाप, खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटावर होता. तो सुट्टी काढून एकदा खालापूरला, एकदा मुंबईला अशा खेपा घालत होता.

अशाच एका खेपेवरून आल्यावर तो घरात न शिरता मागं ओढ्याकडं गेला. जिजा कळशी घेऊन त्याच्या मागं गेली.

"काय म्हनला डाक्टर?"

"करू म्हनला."

"ते झालं. खरं काय म्हनला?"

सुनीलनं एक खडा उचलला, पाण्यात टाकला. "उशीर झालाय म्हनला, आये. करू, पन उशीर झालाय. पोरीला सांगू नका म्हनला."

जिजानं कळशी भरली. भरलेली कळशी ओतली आणि पुन्हा भरली. मग म्हणाली, "चल. चा थंड होतो."

त्या दिवसापासून पत्र्याचा डबा फळीवरून खाली आला.

जिजाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. पोर गेली तर तिकडं तिचं होतं कोण? भागू. आणि भागूनं बघितलेलं काय? बोचकं. एवढी उंच, केस कापलेली, मोबाइलवाली पोरगी समोर उभी राहिली तर भागू म्हणेल, ही कोणाची? भागूच्या गालावर रेघा होत्या, डाव्या रेघेला टिपका होता, जिजाच्या हातचा. तसाच टिपका पोरीच्या गालावर असला म्हणजे काही बोलावंच लागणार नाही. आई आईच्या जागी, लेक लेकीच्या जागी. नसला तर पोरगी तिथं कोरी फिरत राहील, एक पान इकडं, एक पान तिकडं.

"तेजे, इकडं बस. उजेडाकडं तोंड कर."

तेजश्रीनं डबा बघितला आणि गोधडी नाकापर्यंत ओढली. "नाय हां आजे. सुई टोचायची नाय, सांगितलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू हायेत. रक्त थांबायचं नाय."

"अंगभर सुयाच टोचल्यात की त्यांनी तुला. चाळणी केलीय पोरीची. त्यांची सुई सोन्याची, अन् माजी काय बाभळीचा काटा?"

"त्यांची सुई जगायसाठी हाय, आजे. तुजी मेल्यानंतरची."

जिजा डब्याचं झाकण लावू लागली, ते बसेना.

"मरतंय कोन इथं?" ती शेवटी म्हणाली. "गोंदन काय मेल्याला काढतात? ह्या वाडीतल्या सगळ्या गोंदलेल्या म्हाताऱ्या बघ, मरायचं नाव घेत नायत. ती चिमी बघ."

"मंग घाई कशाला? ऑपरेशन झालं का काढ. गालावर काढ, कपाळावर काढ, पाठीवर तुजं नाव काढ. पन आत्ता नको."

"आत्ता का नको?"

"आत्ता काढलंस तर मला कळंल ना."

"काय कळंल?"

तेजश्रीनं कूस बदलली. पाठीचे मणके सदऱ्यातून मोजता यावेत एवढी ती वाळली होती.

पण जिजा हट्ट सोडणारी बाई नव्हती. तिनं तो फक्त दुसरीकडून धरला. सकाळी ऊन आलं की सुनील कामावर जायच्या आधी तेजश्रीची बाज अंगणात मांडायचा. तिथून ओढ्याकाठची करवंदीची जाळी समोर दिसायची. आणि थंडीचे दिवस, त्यामुळे कोरी हटकून यायचीच.

"ती बघ," जिजा म्हणायची. "आली तुजी मैतरीन. फिरू दे आत्ता कोऱ्या तोंडानं. फाल्गुन लागू दे, मंग दाखव मला एक तरी कोरी रानात. एक राहत नाय. पाखराला कळतं ते तुला कळत नाय, बारावी झालीस तरी."

तेजश्री यावर कधी भांडली नाही. एरवी शब्दाला शब्द देणारी पोरगी, पण हे ऐकलं की गप्प व्हायची आणि पाखराकडं बघत राहायची. एकदा फक्त म्हणाली, "हो आजे. फाल्गुनात एकपन राहत नाय."

जिजाला वाटलं, पोरगी वाटेवर येतेय. ती रोज म्हणायला लागली.

दहिवलीच्या पौर्णिमाबाई तेव्हा दर रविवारी स्कूटीवरून यायच्या. आश्रमशाळेत त्यांनी तेजश्रीला शिकवलेलं. गळ्यात दुर्बीण, डोक्याला टोपी, पायात बूट. जिजाला त्या आवडायच्या आणि नाहीही आवडायच्या. आवडायच्या कारण त्या वाडीत आल्या की पाणी मागून प्यायच्या, आणि दिलेली भाकरी पाय पसरून जमिनीवर बसून खायच्या. नाही आवडायच्या कारण त्या आल्या की तेजश्रीच्या तोंडावर जो रंग यायचा तो आजीला बघून यायचा नाही.

"बाई, देवानं डोळे दिले ते काय गोट्या खेळायला?" जिजा दुर्बिणीकडं बोट करून म्हणायची. "वरनं हे आनखी दोन कशाला?"

"देवाचं मला माहीत नाही, जिजाबाई," पौर्णिमाबाई हसून म्हणायच्या. "माझे डोळे आईनं दिले, आणि चष्म्याचा नंबरही तिनंच दिला."

त्या रविवारी तेजश्रीला उन्हाच्या उबेनं झोप लागली होती. बाई जाळीकडं दुर्बीण लावून बसल्या होत्या. जिजानं संधी साधली. शेजारी जाऊन उकिडवी बसली, आणि तिला जमेल तितक्या गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुमचं ऐकते ती. एवढं सांगा तिला. गोंदून घे म्हनावं."

पौर्णिमाबाईंनी दुर्बीण खाली केली. "डॉक्टरांनी नको म्हटलंय, जिजाबाई."

"डाक्टरनं आनखी बी बरंच म्हटलंय." जिजानं बाजेकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "ते तुमाला सुनीलनं सांगितलंच आसंल. तवा ते असू द्या. तुमी फकस्त पाखराचं सांगा. माजं पटत नाय तिला, तुमचं पटंल. सांगा, फाल्गुनापातूर समद्या कोऱ्या गोंदून घेतात, तशी तू बी घे."

"कोऱ्या म्हणजे?"

"अगं बया. एवढी दुर्बीन लावून बसता अन् कोरी म्हाईत नाय? ती बघा, ती काय समोर." जाळीखाली पाखरू एक पान उचलून बाजूला टाकत होतं. गाल स्वच्छ.

पौर्णिमाबाईंच्या तोंडावर काही तरी आलं आणि त्यांनी ते मागं घेतलं. पण त्या मास्तरीण होत्या. विचारलेल्याला खोटं उत्तर देणं त्यांच्या अंगात नव्हतं.

"जिजाबाई, ती गोंदून नाही घेत."

"मंग? मादी आसंल म्हनता? नाय, मादीला बी रेघा असतात. घरट्यावर बसलेली बघितलीय मी."

"मादी नाही."

"पिल्लू?"

"पिल्लूही नाही. चांगली मोठी आहे. पाखरू एकच, कस्तुर म्हणतात त्याला. पण मुलूख वेगळे. आपल्याकडचा जो आहे, वर्षभर इथंच राहणारा, त्याच्या गालाला रेघा. आणि ही लांबून येते, पार हिमालयाच्या पायथ्याकडून. तिकडच्यांना रेघा नसतातच. आणखी पूर्वेकडं गेलं की पुन्हा थोडी वेगळी. तिकडं थंडी फार, म्हणून हिवाळ्यापुरती इकडं येते."

जिजानं डोळे बारीक केले. हे समजायला तिला काही जड गेलं नाही, उलट फारच सोपं गेलं. "म्हंजे पल्याडच्या वाडीची चांदनी अन् आमच्या रेघा, तसं."

"तसंच समजा."

"अन् फाल्गुनात?"

"फाल्गुनात परत जाते."

"गोंदून?"

"नाही हो. कोरीच जाते. जशी आली तशी."

ओढ्याचा आवाज येत होता. जिजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्या आईनं सांगितलेली आणि तिनं गावाला सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. पण त्यापर्यंत तिचा जीव पोचलाच नाही. तो अलीकडंच कुठं तरी अडकला होता.

"हे तेजीला म्हाईत हाय?" तिनं विचारलं.

"हो. शाळेत होती तेव्हाच सांगितलेलं मी. दोघींनी मिळून चित्रं काढली होती, दोन्हींची. का हो?"

जिजा उठली. "काय नाय. चा ठेवते."

चुलीपुढं तिनं फुंकणी घेतली आणि फुंकलंच नाही. रोज सकाळी, उन्हं आली की, बाजेवरच्या पोरीला तिनं काय ऐकवलं होतं? फाल्गुन लागू दे. एक कोरी राहत नाय. पोरीला ठाऊक होतं कोऱ्या कुठं जातात ते. तिनं एकदाही म्हटलं नाही, आजे, तुला माहीत नाय, त्या गोंदत नायत, त्या जातात. म्हातारीच्या आईची गोष्ट म्हातारीच्या तोंडात राहू दिली, आणि आपण ऐकून घेतलं. रोज. हो आजे, फाल्गुनात एकपन राहत नाय.

चुलीत धूर झाला. बाहेरून पौर्णिमाबाईंनी विचारलं, जिजाबाई, काही जळतंय का? "जळतंय ते चुलीतच जळतंय, बसा तुमी," जिजा म्हणाली.

त्यानंतर तिनं पाखराचं नाव काढलं नाही. डबा पुन्हा फळीवर गेला. तेजश्रीच्या ते लक्षात आलं असणार. कोरी आली की आता दोघी मिळून बघायच्या. एकदा चिमा येऊन बसली आणि म्हणाली, "काय गं जिजे, पोरीचं गोंदन कधी? मला बोलाव, मी हात धरते तिचे."

"तुजं तोंड धर पयलं," जिजा म्हणाली. "गोंदायचं माजं मी बघीन."

मग तारीख आली. मुंबईहून सुनीलला फोन आला, आणि तो कारखान्यातून अर्ध्या पाळीतच निघून टेंपोला लटकून वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दुपारी तो गाडी सांगायला खाली गेला. घरात आजी आणि नात दोघीच. जिजा पिशवी भरत होती: टॉवेल, वाटी, पेला, स्वेटर. स्वेटर काढायची, घडी मोडायची, पुन्हा घडी करायची.

"आजे."

"काय गं?"

"डबा आन."

जिजाचा हात स्वेटरवर थांबला.

"आन ना. गोंद. बा यायच्या आत उरकून टाक. रक्त आलं तर कापूस हाय पिशवीत." तेजश्री उठून बसली होती. ओठ निळसर, केस मागं बांधलेले, गाल उजेडाकडं केलेला. एकदा जिजानं जसं सांगितलं होतं, अगदी तशी. "डाव्या रेघंला टिपका काढ. आयचा होता तसा."

जिजा मागत होती तेच समोर आलं होतं. पोर स्वतःच्या तोंडानं म्हणत होती. फळी हाताच्या अंतरावर. दिवा लावायचा, काजळी धरायची. ह्या हातानं अंधारातही रेघ चुकली नसती. आणि मग उद्या काही का होईना, भागू पोरीला ओळखणार होती.

जिजा तिच्या जवळ जाऊन बसली. तिनं पोरीचा गाल अंगठ्यानं चाचपला, कामाआधी ती चाचपायची तसा. गाल गरम होता. अंगठ्याखाली पोरीचा जबडा घट्ट आवळलेला होता आणि डोळे जिजावर लागले होते. त्या डोळ्यांत मला गोंद असं नव्हतंच. त्यात एकच प्रश्न होता. डबा खाली आला की त्याचं उत्तर मिळणार होतं.

"नाय जमायचं," जिजा म्हणाली.

"का?"

"हात कापतो माजा. डोळ्याला बी दिसत नाय आताशा."

"तुजा हात?" तेजश्री बघत राहिली. "काल तर सुईत दोरा ओवलास, पयल्या दमात."

"ते लुगड्याचं काम. लुगडं फाटलं तर टाकून देता येतं. हा गाल हाय. रेघ वाकडी गेली म्हंजे? जलमभर वाकडी रेघ मिरवशील अन् जलमभर मला शिव्या देशील. म्हातारी होशील, दात पडतील, गालाला सुरकुत्या येतील, तरी ती मेली वाकडीच. नातवंडं हसतील तुला. नाय बाबा. मला नाय त्या शिव्या खायच्या."

तेजश्रीचा जबडा सुटला. आधी तो सुटला, मग खांदे सुटले, आणि मग तिला हसू आलं. त्या हसण्यानंही धाप लागली.

"माजी नातवंडं?"

"मंग काय माजी? तू तर येकच माजी, अन् ती बी अशी." जिजानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "ऑपरेशन होऊ दे. हिरूला बोलावू. तिला शिकवलंय मी, तिचा हात बरा हाय माज्यापरीस."

हिरूचा हात काडीचाही बरा नव्हता. रेघ काढायला बसली की नांगर धरल्यासारखी बसायची. हे वाक्य आयुष्यात कधी आपल्या तोंडून निघेल असं जिजाला वाटलं नव्हतं. पण पोरगी आडवी झाली आणि थोड्याच वेळात झोपली, आणि झोपेत तिची मूठ सैल होती.

जिजानं पिशवी भरून टाकली.

सकाळी गाडी डांबर सुरू होतं तिथं उभी होती. तिथवर सुनीलनं लेकीला पाठीवर घेतलं. जिजाला नेणार नव्हते. दवाखान्यात एकच माणूस राहू देतात म्हणाले. तेजश्री बापाच्या खांद्यावरून मागं वळून ओरडली, "आजे, हिरू नको हां! तूच काढ! चश्मा घे नवीन!"

"तुजा बा देतो का पैसे?" जिजा ओरडली.

होळीच्या आधी तिला आणली ती गाडीही तिथंच थांबली. ऑपरेशन टेबलापर्यंत ती पोचली नव्हती. आदल्या दिवशीच काळीज दमलं. वाडीतले बाप्ये खाली गेले आणि झोळी करून तिला वर घेऊन आले. सुनील झोळीला खांदा देऊन चालत होता आणि मधेच विचारत होता, "जड नाय ना होत? जड नाय ना?"

बायांनी तिला आंघोळ घातली, हळद लावली. पौर्णिमाबाई आल्या होत्या. दुर्बीण न घेता आल्या होत्या, त्यामुळे त्यांचे हात सारखे गळ्याशी जात होते. जिजा पोरीच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. रडणाऱ्यांकडं बघत होती, आणि ज्यांचं रडणं तिला खोटं वाटत होतं त्यांच्याकडं जरा जास्त बघत होती.

खड्डा भागूच्या शेजारी काढला होता, मोहाच्या झाडाखाली. पोरीला खाली ठेवायच्या आधी चिमा पुढं झाली. तिच्या मुठीत कोळसा होता, पाण्यात कालवलेला. "जिजे, कोरी कशी धाडायची पोरीला?" ती हळू म्हणाली. "सुई नाय तर नाय, ह्यानं तरी दोन रेघा ओढते. टिपका बी काढते. भागू वळखायची नाय गं न्हाईतर."

बाया माना हलवत होत्या. कोणी तरी म्हणालं, ओढ चिमे, ओढ. चिमा वाकली. तिचं काळं बोट पोरीच्या गालापर्यंत गेलं, आणि जिजानं तिचं मनगट धरलं.

"हात काढ."

"अगं पन जिजे..."

"मेल्या गालावर मी काम करत नाय, अन् दुसऱ्याला करू देत नाय. हात काढ म्हनते ना."

चिमानं हात काढला. बोटावरचा काळा थेंब मातीत पडला. जिजानं पदरानं पोरीचा गाल पुसला, तिथं काहीच लागलेलं नव्हतं तरी. मग ती बाजूला झाली, आणि तिनं माती लोटू दिली.

सगळे उतरायला लागले. सुनीलला दोघांनी धरून नेलं. पौर्णिमाबाई थांबल्या होत्या, जिजानं त्यांनाही हातानंच जा म्हणून सांगितलं. ऊन चढलं होतं. ती भागूच्या मातीपाशी गेली, खाली बसली आणि जमिनीवर तळहातानं थापट्या मारल्या, झोपलेल्या माणसाला उठवतात तशा.

"ए भागे. उठ. ऐकतीस ना? तुजी लेक आलीय. कोरी हाय, रेघा शोधत बसू नको तिच्या गालावर. माजा हात नाय लागला. का ते तिला इचार, सांगंल ती. नीट ऐक आता, एकदाच सांगते. उंचीला सुनीलवर गेलीय, तुज्या डोक्याच्या वर डोकं लागंल तिचं. केस कापलेत, ओरडू नको. उजव्या भुवईत खाच हाय, शेळीनं ढकलली व्हती. चालते हळू. चढावर थांबंल, तिला थांबू दे, घाई करू नको. भूक लागली तरी सांगत नाय, इचारावं लागतं. राग आला का खालचा ओठ दातात धरती." जिजानं नाक शिंकरलं, पदर तोंडावर ओढला आणि पदराआडून दरडावलं, "तू धरायचीस तसा. तेवढ्यावरनं तरी वळख, मेले."